मेअखेरीस कोमो सरोवर : व्हिसापासून बोटीच्या वेळापत्रकापर्यंत सविस्तर नियोजन

इटलीची पहिली सहल म्हटली की रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरे आपोआप यादीत येतात, आणि उत्तरेकडील सरोवरांना मिलानहून परतण्याआधीचा एखादा उरलासुरला दिवस दिला जातो. त्या एका दिवसात सकाळी रेल्वेने जाऊन, गर्दीत बोटीची वाट पाहून, एखादे आइस्क्रीम खाऊन परत यावे लागते, आणि मग ‘फोटोत दिसते तसे काही वाटले नाही’ असा अभिप्राय ऐकू येतो. शहरातील सहल स्थळांच्या यादीवर उभी राहते, तर सरोवराकाठची सहल बोटीच्या वेळापत्रकावर आणि हवामानावर चालते. म्हणून या लेखातील सगळ्या सूचना एकाच भूमिकेतून केलेल्या आहेत : सरोवर एकच निवडावे, मुक्काम एकाच गावात ठेवावा, आणि किमान दोन दिवस असे मोकळे राखावेत की ज्यांचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी ठरेल.

कोणता काळ निवडावा

महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे साधारण 15 मे ते 10 जून हा काळ कुटुंबासह जाणाऱ्यांच्या सोयीचा असतो, आणि योगायोगाने सरोवरांच्या दृष्टीनेही तो उत्तम असतो. दिवसाचे तापमान 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, रात्री ते 12 ते 15 अंशांपर्यंत उतरते, आणि सूर्य नऊच्या सुमारास मावळत असल्याने रात्रीच्या जेवणाआधीही हातात भरपूर उजेड असतो. जुलै-ऑगस्टमधील दमट उकाडा आणि युरोपीय सुट्ट्यांची झुंबड अजून सुरू झालेली नसते.

या काळाची दुसरी बाजूही माहीत असावी. आल्प्सच्या पायथ्याशी मे हा वर्षातील सर्वांत पावसाळी महिन्यांपैकी एक आहे. आपल्याकडच्या आषाढासारखी संततधार क्वचितच लागते, पण दुपारनंतर डोंगरावर ढग जमून तासा-दोन तासांचा गडगडाटी पाऊस येणे नित्याचे असते, आणि कधी कधी पूर्ण दिवसही ओला जातो. सरोवराचे पाणी तर मेअखेरीसही चांगलेच थंड असते. मुलांना पोहण्याचे आश्वासन देऊन नेऊ नये.

तारखा पक्क्या करताना इटलीतील सार्वजनिक सुट्ट्या पाहाव्यात. 25 एप्रिल, 1 मे आणि 2 जून हे तीन दिवस राष्ट्रीय सुटीचे आहेत, आणि यांपैकी एखादा दिवस गुरुवारी किंवा मंगळवारी आला की मधला दिवस रजा टाकून मिलानकर थेट सरोवर गाठतात. 2 जून हा 1946 च्या सार्वमताचा, म्हणजे प्रजासत्ताकाचा दिवस असून त्याला लागून येणाऱ्या शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर आणि धक्क्यांवरील रांगा दोन्ही वाढतात. ईस्टरनंतर सुमारे पन्नास दिवसांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास दक्षिण जर्मनीतील शाळांनाही सुटी असते, आणि त्या गर्दीचा मोठा भार गार्दा सरोवरावर पडतो.

फुलांसाठी जाणार असाल तर फुलांचा क्रमही समजून घ्यावा, कारण पुष्कळ प्रवासवर्णनांत सगळी फुले एकाच वेळी फुललेली असतात. कॅमेलिया मार्च-एप्रिलमध्ये येऊन जातात. अझेलियाच्या ज्या गुलाबी-लाल भिंतींसाठी कोमोकाठची विला कार्लोत्ता ही बाग प्रसिद्ध आहे, त्यांचा बहर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असतो, आणि विस्टेरियाचे जांभळे घोसही तोवर गळून गेलेले असतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गुलाब भरात येतात, महिनाअखेरीस भिंतींवर चढवलेल्या जाईसारख्या वेलींचा वास गल्ल्यांत भरतो, आणि जूनमध्ये हायड्रेंजिया सुरू होतात. अझेलियाच पाहायच्या असतील तर एप्रिलअखेर गाठावी. नुसती हिरवाई, स्वच्छ प्रकाश आणि गुलाब पुरत असतील, तर 18 ते 30 मे हा टप्पा मला सर्वांत पसंत आहे.

सरोवर एकच, पण कोणते

उत्तर इटलीत मोठी सरोवरे तीन. गार्दा सुमारे 370 चौरस किलोमीटरचे आणि इटलीतील सर्वांत मोठे, माज्जोरे सुमारे 212 चौरस किलोमीटरचे, आणि कोमो सुमारे 146 चौरस किलोमीटरचे. यांशिवाय इझेओ आणि ओर्ता ही लहान, शांत सरोवरे आहेत.

गार्दाचा दक्षिण भाग सपाट व मोकळा असून मिलान-व्हेनिस रेल्वेमार्गावरील देझेंझानो आणि पेस्किएरा या स्थानकांवरून तेथे सहज पोहोचता येते. मुले बरोबर असतील आणि गार्दालँडसारखे मनोरंजन उद्यानही कार्यक्रमात हवे असेल, तर गार्दा सोयीचे. माज्जोरेच्या काठावरील स्त्रेझा हे गाव सपाट फरसबंदीचे असून तेथून बोरोमेओ घराण्याची बेटे पाहता येतात. वृद्ध आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्याचा आधी विचार करावा. त्यांपैकी इझोला माद्रे या बेटावर काश्मिरी सायप्रसचा एक भव्य वृक्ष आहे. हिमालयातून आणलेल्या बियांपासून एकोणिसाव्या शतकात वाढवलेला हा वृक्ष 2006 च्या वादळात उन्मळून पडला, तेव्हा तो पोलादी तारांनी उभा करून वाचवण्यात आला, आणि त्या तारा आजही दिसतात.

तरीही पहिल्या भेटीसाठी मी कोमोच सुचवतो. उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखा त्याचा आकार असून, तिन्ही फाटे जेथे मिळतात त्या मध्यभागी बेलाजियो, वारेन्ना, मेनाज्जो आणि त्रेमेझ्झो ही गावे बोटीने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर समोरासमोर वसलेली आहेत. डोंगर थेट पाण्यात उतरतात, खोली 400 मीटरहून अधिक आहे, आणि मोटारीची गरज जवळजवळ पडत नाही. पुढील मजकूर म्हणून कोमोपुरता आहे.

व्हिसा आणि कागदपत्रे

मेअखेरीस जायचे असेल तर व्हिसाचे काम फेब्रुवारीतच सुरू करावे. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. नियमानुसार निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण विशेष प्रकरणांत ही मुदत 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. खरी अडचण निर्णयाची नसून भेटीची वेळ मिळण्याची असते, कारण उन्हाळी सुटीसाठी सगळे एकाच वेळी अर्ज करतात. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्ये मुंबईतील इटलीच्या महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात, आणि अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या सेवाकेंद्रामार्फत स्वीकारले जातात.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम सोपा आहे : ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम असेल त्याच्याकडे, आणि रात्री समान असतील तर ज्या देशातून प्रवेश होणार त्याच्याकडे. इटलीत सहा रात्री आणि स्वित्झर्लंडमध्ये तीन असतील तर अर्ज इटलीकडेच जातो, मग स्विस भेटीची वेळ कितीही लवकर मिळत असो. प्रौढांसाठी शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, सहा ते बारा वर्षांखालील मुलांसाठी 45 युरो, आणि सेवाकेंद्राचे शुल्क वेगळे. पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. प्रवास-विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोंचे आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी असावे. त्याबरोबर बँकेचे तपशील, प्राप्तिकर विवरणपत्रे, नोकरीतील रजेचे पत्र, मुक्कामाचे आरक्षण आणि दिवसवार कार्यक्रम लागतो. हा कार्यक्रम सुटसुटीत आणि आरक्षणांशी तंतोतंत जुळणारा ठेवावा, आणि एकाच गावातील सलग मुक्काम येथेही उपयोगी पडतो.

लंडन किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अर्ज आपल्या वास्तव्याच्या देशातून करावयाचा असतो. जर्मनी, नेदरलँड्स अशा शेंगेन देशांचा निवास-परवाना असलेल्यांना इटलीच्या लहान मुक्कामासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र परवाना आणि पारपत्र दोन्ही बरोबर असावे. युरोपच्या सीमेवर आता बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन प्रवेशाची संगणकीय नोंद करण्याची पद्धत आली आहे, म्हणून विमानतळावर उतरल्यानंतरच्या पुढच्या रेल्वेचे तिकीट ठरावीक वेळेचे घेऊ नये.

मुक्काम कोठे करावा

संपूर्ण सहलीचा सूर या एका निर्णयावर ठरतो, म्हणून येथे घाई करू नये. बेलाजियो हे नाव सर्वांना ठाऊक असते आणि तेथील पायऱ्यांच्या गल्ल्या खरोखरच देखण्या आहेत. परंतु तेथे रेल्वे नाही, दर चढे आहेत, आणि सामान घेऊन पोहोचण्यासाठी बोट किंवा वळणावळणाची बस एवढेच मार्ग उरतात. कोमो शहर हे सपाट, जिवंत, दुकाने-बाजार असलेले शहर आहे आणि मिलानहून तासाभराच्या आत गाठता येते, पण सरोवराचा मध्यभाग तेथून संथ बोटीने सुमारे दोन तास दूर पडतो. कोमोत राहून रोज बेलाजियोच्या बाजूला जाणाऱ्यांचा निम्मा दिवस बोटीत जातो.

सार्वजनिक वाहतुकीने फिरणाऱ्यांसाठी वारेन्ना मला सर्वांत योग्य वाटते. ते पूर्व काठावर आहे, रेल्वे स्थानकापासून धक्का उतारावरून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि तेथून बेलाजियो, मेनाज्जो व कादेनाब्बिया या तिन्ही ठिकाणी थेट बोटी आहेत. संध्याकाळी दिवसभराची गर्दी परतली की गाव पुन्हा आपल्या आकाराचे होते. त्याची एकच मोठी अडचण म्हणजे पायऱ्या. घर आरक्षित करण्यापूर्वी रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत आणि इमारतीला उद्वाहक आहे का, हे मालकाला लिहून विचारावे. चित्रात दिसणाऱ्या दगडी कमानीखालून चाकांची बॅग ओढताना त्या कमानीचे कौतुक राहत नाही. गुडघ्यांचा त्रास असणारे बरोबर असतील तर पश्चिम काठावरील मेनाज्जो किंवा लेन्नो निवडावे. तेथे काठाने सपाट चालता येते, आणि कोमो-मेनाज्जो ही सी-10 क्रमांकाची बसही आहे. वारेन्नात जागा न मिळाल्यास रेल्वेने पुढचेच स्थानक असलेल्या बेल्लानोचा पर्याय स्वस्त आणि चांगला आहे.

मेअखेरीसाठी आरक्षण चार-पाच महिने आधी करणे श्रेयस्कर, आणि व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असेच ते असावे. सुटीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांना इटलीत राष्ट्रीय ओळख-क्रमांक दाखवणे बंधनकारक आहे. जाहिरातीत तो क्रमांक नसेल तर ते घर टाळावे. याशिवाय माणशी, प्रतिरात्र असा लहानसा स्थानिक पर्यटन-कर वेगळा द्यावा लागतो, आणि तो बऱ्याचदा रोख मागितला जातो.

विमानतळापासून धक्क्यापर्यंत

मुंबईहून मिलानला बहुतेक प्रवासी दुबई, दोहा किंवा एखाद्या युरोपीय शहरात विमान बदलून मालपेन्सा विमानतळावर उतरतात. तेथून मालपेन्सा एक्स्प्रेस ही रेल्वे मिलानो चेंत्राले या मुख्य स्थानकावर तासाभरात पोहोचवते. चेंत्रालेहून वारेन्नाला जाणारी गाडी त्रेनोर्द कंपनीची, साधारण तासाला एक असते आणि तिला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. स्थानकावरील फलकावर वारेन्नाचे नाव शोधत बसू नये, कारण तेथे तिरानो किंवा सोंद्रियो हे अंतिम स्थानक लिहिलेले असते. गाडीत डाव्या बाजूची खिडकी घ्यावी. लेक्को सोडले की पाणी त्याच बाजूला येते आणि बोगद्यांच्या मधून मधून दिसत राहते.

या प्रादेशिक गाडीला आसन-आरक्षण नसते आणि भाडे ठरलेले असते, त्यामुळे तिकीट महिनाभर आधी घेण्यात काही लाभ नाही. कागदी तिकीट घेतल्यास गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घेणे विसरू नये, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. कोमो शहरात राहणाऱ्यांनी मात्र मालपेन्साहून मिलानमध्ये जाण्याऐवजी सारोन्नो स्थानकावर गाडी बदलून थेट कोमो नोर्द लागो गाठावे. हे स्थानक सरोवराला अगदी लागून आहे.

रेल्वेचे संप इटलीत अधूनमधून होतात, पण ते आधी जाहीर केलेले असतात. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा राखली जाते. प्रवासाच्या आठवड्याभर आधी एकदा सूचना पाहून ठेवली की पुरते.

मोटार भाड्याने घेण्याचा मोह टाळावा असेच मी म्हणेन. पश्चिम काठावरील रस्ता ठिकठिकाणी एवढा अरुंद आहे की समोरून बस आली की एकाला मागे जावे लागते, गावांत वाहनतळ अपुरे आहेत, आणि जुन्या वस्त्यांतील मर्यादित वाहतूक क्षेत्रात नकळत शिरल्यास दंडाची नोटीस काही महिन्यांनी भारतातील पत्त्यावर येऊ शकते. मोटार हवीच असेल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन-परवाना बरोबर असलाच पाहिजे.

बोटीचे वेळापत्रक वाचायला शिकावे

सरोवरावरील सार्वजनिक बोटी नाविगात्सियोने लागी ही शासकीय सेवा चालवते. बोटी तीन प्रकारच्या असतात. मध्य सरोवरातील वाहनफेरी ही मोटारी आणि माणसे दोन्ही घेऊन वारेन्ना, बेलाजियो, मेनाज्जो व कादेनाब्बिया यांच्यामध्ये सतत फिरते, आणि ती सर्वांत भरवशाची असते. प्रत्येक गावी थांबत जाणारी संथ बोट ही खरी पाहण्याची बोट होय. आणि जलद बोट कोमोहून बेलाजियोला तासाभरात पोहोचवते, पण तिला अधिभार आहे, जागा मर्यादित आहेत, आणि उघड्या डेकवर उभे राहता येत नाही. एकदा तरी संथ बोटीने कोमोपर्यंतचा पूर्ण प्रवास करावा. जाताना बोट आणि परतताना मेनाज्जोपर्यंत बस, असा मेळ चांगला जमतो.

वेळापत्रक पाहताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. वसंत ऋतूचे आणि उन्हाळ्याचे वेळापत्रक निरनिराळे असते आणि आपला प्रवास नेमका त्या बदलाच्या आसपास येतो, म्हणून आपल्या तारखेचेच पत्रक उतरवून घ्यावे. दुसरे असे की त्यात ‘फेरियाले’ लिहिलेल्या फेऱ्या सोमवार ते शनिवार अशा कामाच्या दिवसांच्या असतात, तर ‘फेस्तिवो’ या रविवारच्या व सुटीच्या. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे सकाळी निघतानाच पाहून ठेवावे. मध्य सरोवराचा दिवसभराचा पास घेण्यापूर्वी फेऱ्या मोजाव्यात. केवळ जाऊन-येऊन दोन फेऱ्या होणार असतील तर सुटी तिकिटेच स्वस्त पडतात.

वाऱ्याचेही वेळापत्रक आहे. चांगल्या हवेत सकाळी उत्तरेकडून ‘तिवानो’ वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ब्रेवा’ सुरू होतो. ब्रेवा सुरू झाला की पाण्यावर लाटा उठतात. छायाचित्रांसाठी, आणि बोटीत मळमळ होणाऱ्यांसाठीही, सकाळच बरी.

दिवसांची मांडणी

सहा रात्री हाताशी आहेत असे धरून सांगतो. पोहोचण्याच्या दिवशी फक्त वारेन्नातील काठालगतची पायवाट चालावी आणि झोपावे. भारतीय वेळ साडेतीन तास पुढे असल्याने दुसऱ्या दिवशी पहाटे जाग येतेच, आणि मोकळ्या गावात फिरण्यासाठी ती वेळ वाया घालवू नये.

पहिला पूर्ण दिवस वारेन्नालाच द्यावा. विला मोनास्तेरोची बाग पाण्याच्या कडेने जवळजवळ दोन किलोमीटर लांब पसरलेली आहे. ताड, लिंबूवर्गीय झाडे, केतकीसारखी दिसणारी अगाव्हे असा तिचा थाट असल्याने ती कोणत्याही एका फुलाच्या बहरावर अवलंबून नाही. याच वास्तूत इटालियन भौतिकी संस्थेची उन्हाळी शाळा भरते, आणि 1954 मध्ये एन्रिको फर्मी यांनी येथे व्याख्याने दिली होती. दुपारी वेझियोच्या किल्ल्यापर्यंत चढून जावे. चढ दमवणारा आहे, पण तिन्ही फाटे एकाच नजरेत येण्यासाठी याहून सोपी जागा जवळपास नाही.

एक दिवस पश्चिम काठासाठी. सकाळी बोटीने कादेनाब्बियाला उतरून काठाने थोडे चालत विला कार्लोत्ताला उघडण्याच्या वेळी पोहोचावे, आणि बागेच्या वरच्या टोकापासून खाली येत पाहावे, म्हणजे मागून येणाऱ्या गटांची गर्दी चुकते. तेथून ‘ग्रीनवे’ नावाच्या, कोलोन्नोपर्यंत जाणाऱ्या सुमारे दहा किलोमीटरच्या पायवाटेचा एक तुकडा चालून लेन्नो गाठता येते. लेन्नोच्या टोकावरील विला देल बाल्बियानेल्लो आपल्याकडे 2018 मधील दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांच्या विवाहामुळे ठाऊक झाला. पण त्या वास्तूचा अधिक रंजक धागा हिमालयाशी जोडलेला आहे. तिचे शेवटचे मालक ग्वीदो मोन्झीनो यांनी 1973 मध्ये एव्हरेस्टवरील पहिल्या इटालियन मोहिमेचे नेतृत्व केले होते, आणि त्यांच्या मोहिमांचे साहित्य वरच्या मजल्यावर मांडलेले आहे. 1988 मध्ये त्यांच्या इच्छापत्रानुसार ही वास्तू एफएआय या वारसा-संवर्धन संस्थेकडे आली. आतील दालने केवळ मार्गदर्शकासोबतच पाहता येतात, म्हणून वेळ आधी आरक्षित करावी. सोमवारी व बुधवारी वास्तू सहसा बंद असते, आणि खासगी समारंभांसाठी इतर दिवशीही बंद ठेवली जाते. सर्व दिवसांची मांडणी या एका आरक्षणाभोवती करावी लागते, कारण बाकी सगळे पुढे-मागे सरकवता येते.

बेलाजियोला अर्धा दिवस पुरतो, आणि तो सकाळचा किंवा चार वाजल्यानंतरचा असावा. दुपारी अकरा ते तीन या वेळेत दिवसभराच्या सहली तेथे उतरतात. विला मेल्झीची बाग, टोकावरील पुंता स्पार्तिव्हेंतो आणि मागच्या बाजूचे पेस्काल्लो ही कोळ्यांची छोटी वाडी एवढे पाहावे. दुकानांच्या पायऱ्यांवर वेळ घालवण्यासारखे फारसे काही नाही, असे माझे मत आहे.

उरले ते राखीव दिवस. पाऊस असेल तर बेल्लानोची अरुंद घळ पाहावी, कारण पावसानंतर तेथील प्रवाह सर्वांत जोरात असतो. अतिवृष्टीचा इशारा असल्यास मात्र ती बंद ठेवली जाऊ शकते. दुसरा पर्याय कोमो शहराचा : रेशीम-संग्रहालय, कॅथेड्रल, आणि विजेची पहिली घटमाला (बॅटरी) बनवणारे, 1745 मध्ये याच शहरात जन्मलेले अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या स्मरणार्थ उभारलेले मंदिरसदृश संग्रहालय. शहरावरच्या डोंगरातील ब्रुनाते गावाला जाणारी 1894 ची फ्युनिक्युलर, म्हणजे तारेने ओढली जाणारी डोंगरी गाडी, ढगाळ दिवशी टाळावी, वर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही.

आकाश स्वच्छ असेल तर राखीव दिवस बेर्निना रेल्वेसाठी वापरावा. वारेन्नाहून तीच प्रादेशिक गाडी पुढे सुमारे दीड तासात तिरानोला जाते, आणि तेथून स्वित्झर्लंडची लाल गाडी ब्रुझिओच्या चक्राकार पुलावरून 2,253 मीटरवरील ओस्पित्सिओ बेर्निना स्थानकापर्यंत चढते. मे महिन्यातही वर बर्फ दिसते. बेर्निना एक्स्प्रेसच्या डब्यांना आसन-आरक्षण लागते, परंतु त्याच रुळांवर साध्या गाड्याही धावतात, त्यांच्या काही खिडक्या उघडता येतात आणि आरक्षण नसल्याने निर्णय आदल्या रात्री घेता येतो. सेंट मॉरिट्झपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतणे फार दगदगीचे होते. ओस्पित्सिओ किंवा आल्प ग्र्युमपर्यंत जाऊन उलटे फिरणे पुरेसे आहे. पारपत्र जवळ ठेवावे, आणि फोनच्या योजनेत स्वित्झर्लंड समाविष्ट आहे का हे पाहावे, कारण युरोपीय संघाच्या योजनांत ते प्रत्येक वेळी नसते.

हवामानासाठी लोम्बार्दी या प्रांताच्या एआरपीए या पर्यावरण संस्थेचा अंदाज पाहावा, आणि तोही दोन दिवसांपलीकडचा फारसा गंभीरपणे घेऊ नये.

जेवण, विशेषतः शाकाहारी

या भागाची खासियत सरोवरातील मासे. पर्च माशाचे तुकडे घातलेली रिझोत्तो आणि वाळवलेले ‘मिस्सोल्तीनी’ ही इथली ओळख आहे, आणि सुके मासे आवडणाऱ्या कोकणी-मालवणी जिभेला मिस्सोल्तीनी नक्की रुचतील. शाकाहारी मंडळींनी शेजारच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातील ‘पित्झोक्केरी’ मागवावे : कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज आणि लसणाचे लोणी. मक्याच्या पिठाची, चीज-लोणी घातलेली ‘पोलेंता उंचा’ही पोटभर असते. साधी दिसणारी रिझोत्तो मात्र पुष्कळदा मांसाच्या रसात शिजवतात, म्हणून ‘सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ असे स्पष्ट विचारावे. पार्मेझान व तत्सम चीजमध्ये प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे द्रव्य) असते, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. जैन प्रवाशांनी स्वयंपाकघर असलेले घर घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

उपाहारगृहे दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी सातनंतर उघडी असतात. मधल्या वेळेत मुलांना भूक लागल्यास बेकरी किंवा बारमधील सँडविचवर भागवावे लागते. देयकात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी एक-दोन युरोंची रक्कम दिसते. ती बसण्याची आकारणी असून तक्रार करण्याचे कारण नाही.

बॅगेत काय असावे, काय नसावे

युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी, चितळ्यांची बाकरवडी या यादीतील पहिले तीन घरी ठेवावेत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट असल्याने, मे महिना असला तरी मिलानमधील नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेता येत नाही. भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या यांना अडचण येत नाही.

कपडे एकावर एक घालता येतील असे, एक पातळ जलरोधक जाकीट, आणि ओल्या दगडी पायऱ्यांवर न घसरणारे बूट हे आवश्यक. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आपल्या चार्जरची दोन गोल पिनांची बारीक टोके तेथील सॉकेटमध्ये सहसा बसतात, पण तीन पिनांचा प्लग बसत नाही. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

परतीचे विमान सकाळी लवकरचे असेल, तर शेवटची रात्र सरोवराकाठी काढण्याचा हट्ट धरू नये. वारेन्नाहून पहिल्या गाडीने निघूनही मालपेन्साला पोहोचेपर्यंत दोन-अडीच तास जातात. अशा वेळी आदल्या संध्याकाळी मिलानला येऊन चेंत्राले स्थानकाजवळ किंवा विमानतळालगत राहावे. दुपारनंतरचे विमान असेल तर वारेन्नातील सकाळ सुखाने मिळते. फक्त घर किती वाजता सोडायचे आणि त्यानंतर सामान ठेवायला जागा मिळेल का, हे मालकाकडून आदल्या दिवशी विचारून घ्यावे.